उतरता जिना

दुपारी चारच्या सुमारास रेन्झो ग्रासेली हा गृहस्थ इटलीतल्या ऑर्व्हिएतोच्या विहिरीत उतरत्या जिन्यावरून उलटा वळला. विसरलेली टोपी आणायला. टोपी सापडली. बाकीचा उलगडा अजून झालेला नाही.

फियामेता गाईड होती आणि त्या दिवशी तिच्याकडे रेन्झो आणि त्याची बायको देल्फिना असे दोघंच होते. सकाळच्या गाडीनं तुरीनहून आलेले, संध्याकाळी परत निघणारे. एका दिवसात शहर उरकणारी माणसं तिला नवी नव्हती, पण रेन्झोनं कमाल केली होती. कॅथेड्रलच्या सोनेरी दर्शनी भिंतीसमोर उभं राहून त्यानं घड्याळ पाहिलं. खडकात खोदलेल्या जुन्या तळघरांत तो वाट माहीत नसताना तिच्यापुढे चालू लागला. जेवताना बशीतला जाड शेवयांचा पास्ता अर्धा टाकून उठला.

"जन्मभर ट्राम चालवली यानं," देल्फिना शांतपणे जेवत म्हणाली. "अजून प्रत्येक थांब्यावर घंटा वाजवतो."

ती त्याच्या उजव्या हाताला बसली होती. टेबलावर, रस्त्यावर, चर्चमध्ये ती त्याच्या उजवीकडेच असायची, कारण त्याचा डावा कान लहानपणीच्या तापात गेला होता. लग्नाच्या फोटोतही आपण चुकीच्या बाजूला उभ्या आहोत, असं तिनं फियामेताला सांगितलं. पाद्रीबुवा काय विचारताहेत ते याला ऐकू यावं म्हणून.

"ऐकू आलं नसतं तर वाचलो असतो," रेन्झो म्हणाला आणि पुन्हा घड्याळाकडे बघू लागला.

विहीर शेवटी ठेवलेली होती. तिच्यात दोन जिने आहेत, एकाच्या पोटाखालून दुसरा असे खोल खडकात फिरत गेलेले. पूर्वी पाणी वाहणारी खेचरं एकानं उतरत आणि तळाचा छोटा पूल ओलांडून दुसऱ्यानं चढत. येणाऱ्याची जाणाऱ्याशी गाठ पडत नसे. आतल्या भिंतीला खिडक्या आहेत. त्यांतून मधली पोकळी दिसते आणि पोकळीपलीकडे दुसऱ्या जिन्यावरची माणसं.

फियामेताचे वडील सेत्तिमिओ हेही आयुष्यभर गाईड होते. या विहिरीपुरता त्यांचा एकच नियम होता. उतरत्या जिन्यावरून परत फिरायचं नाही. कुणाला चक्कर आली तरी त्याला धरून तळाशी न्यायचं, पूल ओलांडायचा आणि मग वर आणायचं. का म्हणून विचारलं, तर मागून खेचरं येत असतील म्हणायचे. लोक हसत. ते हसत नसत.

निम्मं उतरून झाल्यावर रेन्झोनं डोक्याला हात लावला. वरच्या एका खिडकीत वाकून बघताना त्यानं टोपी काढून कट्ट्यावर ठेवली होती. गवती टोपी, हिरव्या फितीची. सकाळीच गाडीत देल्फिनानं तिचं उसवलेलं अस्तर शिवून दिलं होतं, निळ्या दोऱ्यानं, कारण पर्समध्ये दुसरा दोराच नव्हता.

"मी आलोच," तो म्हणाला.

फियामेतानं नाही म्हणायला हवं होतं. पण सकाळपासून त्याच्या घाईनं ती वैतागली होती. "जा, पण लवकर या," ती म्हणाली. तो दोन-दोन पायऱ्या टाकत वर गेला.

दोघी थोड्या थांबल्या. ओलीनं देल्फिनाचे गुडघे धरले होते. तो काय, धावत गाठेल, असं ठरवून त्या तळाशी गेल्या, पूल ओलांडला आणि चढू लागल्या. काही खिडक्या मागे पडल्यावर देल्फिना थबकली.

"तो बघा."

पलीकडच्या खिडकीतून रेन्झो खाली उतरताना दिसला. बोडका. देल्फिनानं हाक मारली. हाक पोकळीत फिरत वर गेली. त्यानं मान वळवली नाही.

"बहिरी बाजू इकडे आहे त्याची," ती म्हणाली.

पुढच्या खिडकीतही तो होता. एक हात भिंतीला, नजर कट्ट्यावर. त्याच्या पुढच्याही खिडकीत होता. मग फियामेताच्या लक्षात आलं, की त्या दोघी वर चढताहेत आणि तो खाली उतरतोय, तरी प्रत्येक वेळी तो त्यांच्या बरोबर समोर आहे.

देल्फिनानं हाका मारायचं थांबवलं.

बाहेर आल्या आल्या फियामेता वळसा घालून आत जायच्या दाराशी गेली. तिथला तिकीटवाला एव्हारिस्तो खुर्चीतून हलला नाही.

"तुझा म्हातारा ना, पोरी? मघाशीच इथून बाहेर पडला, टोपी घालून. म्हटलं हे बाहेर पडायचं दार नाही, तर मलाच सलाम ठोकला."

झाडाखालच्या बाकावर रेन्झो टोपी घालूनच पायावर पाय टाकून बसला होता. देल्फिनाही पोचली होती, पण उभीच होती.

"घाई कसली?" तो म्हणाला. "ही गाडी गेली तर पुढची मिळेल."

फियामेता आलेच म्हणाली आणि एकटीच पुन्हा उतरत्या जिन्यानं खाली गेली. निम्म्या वाटेच्या वरच्या एका खिडकीच्या कट्ट्यावर गवती टोपी होती. हिरवी फीत. तिनं आत बोट घातलं. अस्तर निळ्या दोऱ्यानं शिवलेलं होतं.

टोपी पिशवीत घालून ती, या वेळी नियमानं, तळावरून वर आली. खिडकीतून एकदाही पलीकडे पाहिलं नाही.

देल्फिना आता नेहमीसारखी त्याच्या उजवीकडे बसली होती. तो काहीतरी विचारत होता. ती उत्तर देत होती. त्याला कळत नव्हतं.

त्यानं डाव्या बाजूचा बाक थोपटला.

"इकडे ये की. त्या कानानं मला ऐकू येत नाही, माहितेय ना तुला?"

देल्फिनानं फियामेताकडे पाहिलं. मग उठली आणि डावीकडे जाऊन बसली.

त्या संध्याकाळी फियामेतानं घरी सगळं सांगितलं. सेत्तिमिओंनी ऐकून घेतलं. ते रागावले नाहीत, याचीच तिला धास्ती वाटली.

"टोपी जिथं होती तिथं ठेव," ते म्हणाले. "तो तीच शोधतोय. ती मिळाल्याशिवाय तळाला जायचा नाही आणि तळाला गेल्याशिवाय वर यायचा नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं ती ठेवली. संध्याकाळी कट्टा रिकामा होता.

तेव्हापासून देल्फिनाचा फोन रोज येतो. ती नवऱ्याची खुशाली सांगते, जशी शेजाऱ्याची सांगावी. तो बशी पुसून जेवतो. दुपारी झोपतो. घड्याळ काढून ठेवलंय. "माणूस वाईट नाही," ती एकदा म्हणाली. "इतक्या वर्षांत माझा कधी एवढा बोलला नाही माझ्याशी. पण मला माझा हवाय."

मग ती विचारते, दिसला का. फियामेता खोटं बोलत नाही. तो रोज दिसतो, टोपी घातलेला, कालच्यापेक्षा थोडा खाली. बरोबरच्या प्रवाशांना दिसत नाही.

शुक्रवारी तो पाण्यालगतच्या खिडकीत होता.  हे ऐकून देल्फिनानं आवाज खाली आणला. स्वयंपाकघराचं दार लावून घेतलंय, म्हणाली. रविवारी येते. एकटीच. पुलावर उभी राहते.

फोनमध्ये दार उघडल्याचा आवाज आला. मागून त्याचा आवाज, निवांत.

"जायची तिकिटं दोन काढ गं. मीही येतो."

त्याची पावलं फोनच्या जवळ आली.

"आणि परतीचीही दोनच."