पुतळ्याची नाडी

बालाघाटच्या आमच्या ॲम्ब्युलन्स-प्रशिक्षण केंद्रात छाती दाबण्याचा सराव रबरी पुतळ्यावर होतो. बाईचा चेहरा, आत स्प्रिंग, वर प्लास्टिकच्या फासळ्या. नाडीची सोय असलेला महाग पुतळा आम्हाला मिळालेला नाही. मुलं खांदे थोपटून हाक मारतात, श्वासासाठी कान नाकाशी नेतात, गळ्याला दोन बोटं लावतात, "नाडी नाही" म्हणतात आणि दाबायला लागतात.

संघमित्रा हाकेपाशीच रेंगाळायची.

"ओ माय, आयकू येते का?" मग पुतळ्याचा हात हातात घेऊन पुन्हा तेच.

"अवं, रबराची हाय ते," पोरं हसायची.

"मायले आमच्या उकव्याहून गाडीत दवाखान्यात आणत होते," तिनं मला एकदा सांगितलं. "वाटेतच गेली. कोनं तिच्यासंग बोललंच नाही, सर."

या रेंगाळण्यापायी ती एकदा नापास झाली होती. पुन्हा झाली असती, तर उकव्याच्या ॲम्ब्युलन्सवरची जागा दुसऱ्या कुणाला गेली असती.

परीक्षेच्या दुपारी खोलीत कूलरच्या ओल्या गवताचा वास होता. संघमित्रानं हाक मारली, कान नेला, गळ्याला बोटं लावली आणि थांबली.

"समय जा रहा है, बेटा," जबलपूरहून आलेले परीक्षक डॉक्टर म्हणाले.

"सर, नाडी है."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. मी खुणेनं सांगितलं, दाब.

"चालून राह्यली, सर," ती मला म्हणाली. "छाती कशी दाबू?"

नाडी असताना दाबायचं नाही, हे मीच शिकवलं होतं.

परीक्षक उठले. पुतळ्याच्या गळ्याला त्यांनी बोटं लावली. थोड्या वेळानं दुसऱ्या हाताची बोटं स्वतःच्या गळ्याला लावली, आपलीच नाडी तर लागत नाही ना, हे पाहायला.

कूलर खडखडत होता.

"इनको करवट पर लिटाइए," ते हळूच म्हणाले.

संघमित्रानं पुतळा कुशीवर वळवला. डोक्याखाली स्वतःची ओढणी ठेवली.

ती पास झाली. सगळे गेल्यावर मी बोटं लावून पाहिली. गार रबर.

संघमित्रा उकव्याला रुजू झाली आणि नवी तुकडी आली. पहिल्याच दिवशी मयुरी पुतळ्याजवळ बसली. संघमित्राचं नावही तिनं ऐकलेलं नव्हतं. तिनं खांदे थोपटले, हाक मारली, कान नाकाशी नेला.

ती वाकूनच राहिली.

"काय झालं?"

"सर," ती कुजबुजली, "संघू जेवली का, म्हणून विचारून राह्यली. हिले काय सांगू?"