कावडीतलं रडू

वडिलांचं प्रेत दारात होतं आणि तनुजा गुणगुणत होती.

तोंडातल्या तोंडात, पण गुणगुणतच होती. सुमनआत्याने ते ऐकलं आणि दंडाला धरून तिला कोपऱ्यात ओढलं. "अगं, शुद्धीवर आहेस का? अण्णा गेलेत. रड, बाई. रड आणि मोकळी हो."

"येत नाही गं रडू, आत्या."

बायकांनी जमेल ते केलं. अण्णांच्या चपला तिच्यापुढे आणून ठेवल्या. अण्णांनी एकदा काही कारण नसताना दारात बँड आणून वाजवला होता. ती आठवण काढून शेजारणीने हंबरडा फोडला, सगळ्या रडल्या. तनुजाच्या छातीत मात्र लग्नघरासारखी लगबग चालली होती.

बँड आणला तो अण्णांचा आजार होता. द्विध्रुवी विकार. मन आभाळाला भिडलं की झोप नाही, हिशेब नाही, गावभर जेवणावळी. आणि उतरलं की महिनाभर भिंतीकडे तोंड. रक्तातून उतरू शकतो म्हणून मिरजेच्या मनोविकार केंद्राने तनुजाला बोलावून घेतलं. तिला काही झालेलं नव्हतं. होईल, असं तिथलं तपासणीचं यंत्र म्हणालं. न केलेल्या गुन्ह्याची तारीख पडावी तशी तिला तिथल्या उपचारगटात जागा मिळाली.

पूर्वी अशा गटात पोरं गोल करून बसायची. बोलायची, भांडायची, एकमेकांचं ऐकून घ्यायला शिकायची. त्याला वेळ लागायचा आणि माणसं लागायची. वरच्या लोकांना दोन्ही जड झालं. मग आली भावकावड.

कानामागे टिकलीएवढी चकती. ती नाडी, झोप, आवाजातला चढउतार वाचायची आणि मेंदूला विजेचा बारीकसा धक्का द्यायची. गटातल्या सहाजणांच्या चकत्या एकमेकींशी जोडलेल्या. "कावडीची एक बाजू खाली गेली तर काय करतात?" डॉ. मंजिरी आदवंतांनी पहिल्या दिवशी समजावलं होतं. "भार दुसरीकडे टाकतात. तुझं मन बुडायला लागलं की गटात जो त्या वेळी सगळ्यात वर असेल, त्याला यंत्र खाली ओढतं आणि तुला वर उचलतं. कुणीच टोकाला जात नाही."

"मी अण्णांसारखी होणार नाही ना?" तनुजाने एवढंच विचारलं होतं, आणि कान पुढे केला होता.

अण्णांना पोचवून आले त्याच्या दुसऱ्या दिवशी फोन आला. गटातल्या निहाल मुजावरची अम्मी बोलत होती.

"बेटी, गटातल्या सगळ्यांना विचारतेय, तुझ्या घरी काही झालंय का गं? काल आमच्या थोरलीचं लग्न. पाठवणीला निहाल ढसाढसा रडला. लोक म्हणाले, भाऊ असावा तर असा! अगं, पण ती सासरी जाऊन जेवलीसुद्धा, हा अजून रडतोय. कुणासाठी विचारलं तर म्हणतो, ठाऊक नाही."

तनुजाने अण्णा गेल्याचं सांगितलं आणि तिच्या अंगावर काटा आला. आणि लगेच बरं वाटलं. भीतीसुद्धा तिच्याजवळ टिकेना.

तशीच उठून ती केंद्रावर गेली. "बाई, माझं रडू मला परत द्या."

डॉ. आदवंतांनी पडद्यावर सहा रेघा दाखवल्या. पाच जवळजवळ सपाट, एक खोल घसरलेली. "शोक म्हणजे मेंदूने करायचं काम असतं, तनुजा. तुझ्या वाटचं काम निहालच्या मेंदूने उचललंय. ते तुझ्याकडे परत येत नाही. आणि आत्ता चकती काढलीस, तर त्याला सावरायला बाकीचे चौघे पुरणार नाहीत. तो पडेल."

"आणि मी?"

"तू वाचलीस! असल्या धक्क्यानेच पहिला झटका येतो. आपला गट यशस्वी झालाय, बाळा."

त्यांचा आवाज खरोखर मायेचा होता. ठकवणारी बाई असती तर तनुजाने तिचं थोबाड फोडलं असतं.

"माझा बाप मेलाय हे मला कळलंय," ती म्हणाली. "पण माझा मेला नाही. त्या निहालचा मेला."

कानामागे गेलेला हात तिने खाली घेतला.

घरी आली तर बायका अजून बसलेल्या. थोड्या वेळाने दारात निहाल उभा राहिला. मनगटावर लग्नातल्या अत्तराचा वास, डोळे सुजून बारीक झालेले. अण्णांच्या फोटोपुढे तो मटकन खाली बसला.

"हेच का ते?" त्याने विचारलं. "मी यांना कधी पाहिलंसुद्धा नाही, तनुजा. आणि यांच्यावाचून मला करमत नाही. कसे होते गं? सांग ना. निदान कुणासाठी रडतोय ते तरी कळू दे."

तनुजाने बँडची गोष्ट सांगितली. नीट, ओळीने, दुसऱ्याच्या गावची सांगावी तशी. निहालने गुडघ्यात तोंड खुपसलं आणि घर हलेल असा रडला. बायका सरकल्या. सुमनआत्याने त्याचं डोकं मांडीवर घेतलं, पाठीवरून हात फिरवला. "रड, बाळा. रड आणि मोकळा हो."

मग तिने मान वर केली. "तनू, कोण गं हा? कोण लागतो आपला?"

तनुजा चहाचं आधण ठेवायला उठली होती. ओठांपर्यंत आलेली गुणगुण तिने दात आवळून थोपवली.

"त्याचे वडील गेलेत, आत्या," ती म्हणाली.