लेक क्वीनच्या डाव्या गाठी

"अकरा हजार डॉलर," बाबा स्टीअरिंगला सांगत होते. "लोखंडाची गोळी टोलवायच्या खोक्याला अकरा हजार. तेवढ्यात माझी गाडी आली असती. जुन्या घेतल्या तर दोन."

स्टीअरिंग गप्पच होतं. शेजारच्या सीटवर बुशा डुलक्या काढत होती. पोलिश घरांत आजीला बुशा म्हणतात; ही बाबांची आई, वय एकोणऐंशी, आणि नको ते ऐकू येऊ नये म्हणून श्रवणयंत्र पर्समध्ये. मागे बसलेल्या टेकलाला मात्र शब्दन् शब्द ऐकू आला.

"लेन काकांकडे पैसे आहेत, म्हणून घेतायत," नऊ वर्षांचा गस म्हणाला.

"हो ना, डेंटिस्ट आहे तो. दात उपटून मिळतात," बाबा म्हणाले. ते स्वतः बस चालवायचे.

टेकलाच्या पोटात नेहमीचं ते खरवडायला लागलं. शिकागोलगतच्या बर्विनहून लेन काकांच्या नेपरव्हिलला निघालं की ते सुरूच व्हायचं. काकांच्या अंगणात पोहण्याचा तलाव. त्यांच्या मुलाला, कॉर्बिनला, स्वतंत्र खोली. आणि तळघरात ओळीने चौदा पिनबॉल मशीनं, सगळी जुनी, सगळी चालू, आणि सगळी उघडून दुरुस्त करता येणारा तेरा वर्षांचा कॉर्बिन. टेकलाला बारा वर्षांत एक सायकल मिळाली होती, तीही कॉर्बिनची वापरलेली.

काकांनी पहिलं मशीन घेतलं तेव्हा ते चारशेला मिळालं होतं. कुणाला नको होती ती धुडं. मग ज्यांचं बालपण पंचवीस सेंटांच्या नाण्यावर सरलं होतं, त्यांना टक्कल पडलं, पगार वाढले, आणि तेच बालपण जो तो परत विकत घेऊ लागला. भाव असे चढले की बाबांना वर्तमानपत्रातलं ते पान उलटवायचीही चीड यायची.

पण आजचं खरवडणं वेगळं होतं. आज गाडीच्या डिकीत बुशाची निळी बॅग होती.

पाच वर्षं बुशा टेकलाच्या खोलीत राहत होती. घोरायची, रविवारी सकाळी रेडिओवर पोल्का नाचाची गाणी लावायची, झोपताना टेकलाची वेणी सोडून पुन्हा घालायची. ईस्टरला लेन काका म्हणाले, "मा, माझ्याकडे चल ना. खाली खोली आहे, जिने नाहीत." बुशा हसून म्हणाली, "तुझ्या तळघरात लेक क्वीन आण, मग येते."

लेक क्वीन म्हणजे जाजांच्या, अर्थात आजोबांच्या, बारमधलं पिनबॉल मशीन. कारखान्यात बुशाने स्वतःच्या हातांनी त्याच्या वायरी बांधल्या होत्या. "घेशील तर मी बांधलेलंच घे," असं तिने जाजांना बजावलं होतं. जाजा आजारी पडले, बार बंद झाला आणि त्या धांदलीत मशीन कुठेतरी गेलं. "गेलं कुठेतरी" एवढंच सगळे म्हणायचे. विषय निघाला की बाबा नेमके उठून काहीतरी बघायला जायचे. भट्टी, नळ, गाडीचं चाक.

बुशा थट्टेतही शब्द द्यायची तो पाळायची. आणि लेन काकांनी तीन महिन्यांत लेक क्वीन शोधून काढलं होतं.

*

मशीन गॅरेजमध्ये उभं होतं. काचेवर निळं सरोवर, त्यात मुकुट घातलेली बाई, पाठीमागे जहाजं. ज्याने ते ओहायोहून ट्रकवर घालून आणलं होतं तो मिस्टर हॉलिस अंगणात सॉसेज खात बसला होता. जेवण, मग चेरी-पाय हा गोड पदार्थ, मग चेक, असं ठरलं होतं.

"हात लावू नका हं पोरांनो," तो तिथूनच ओरडला. "व्यवहार झाल्याशिवाय उघडायचं नाही. माझा नियम आहे."

"असा नियम कुणाचाच नसतो," कॉर्बिन हळूच म्हणाला. "घेणारा आधी खेळाची फळी वर करून आत बघतो. बाबा नेहमी बघतात. आज मात्र हे बघितलं आणि रडायलाच लागले."

मशीनच्या पुढच्या, नाण्यांच्या दारावर पितळी पट्टी ठोकलेली होती. तिच्यावर जाजांच्या बारचं नाव होतं, आणि काकांना रडू आलं होतं ते हीच वाचून. गसने बोट फिरवत ती मोठ्याने वाचली. "गुरस्कीज टॅव्हर्न, शिकागो, एकोणीसशे चौऱ्याहत्तर." मग तो थांबला. "पण जाजांचा बार सिसेरोत होता ना?"

"बाहेरच्यांना सगळे शिकागोच सांगतात," कॉर्बिन म्हणाला. "सिसेरो कुणाला माहीत असतं? बाबांनीही 'मशीन हवंय' अशी जाहिरात दिली, त्यात शिकागोच लिहिलं होतं."

"काकांनी लिहिलं असेल. जाजांनी कधीच लिहिलं नसतं," टेकला म्हणाली.

हे तिला बुशाने झोपताना निदान पन्नास वेळा सांगितलं होतं. बार होता तो रस्ता म्हणजे हद्द. अलीकडे सिसेरो, पलीकडे शिकागो. आणि त्या काळी शिकागोत पिनबॉलला बंदी. मशीनं बनायची शिकागोत, पण खेळायची तिथे सोय नाही. संध्याकाळ झाली की पलीकडची माणसं रस्ता ओलांडून जाजांकडे यायची. जाजा म्हणायचे, चाळीस पावलं तिकडे असतो तर उपाशी मेलो असतो.

"म्हणजे चौऱ्याहत्तरमध्ये ही पट्टी कुणी लावली असती, तर पोलिसांना आवतण दिल्यासारखंच झालं असतं," टेकला म्हणाली. "ही जाहिरात वाचून बनवलीय. मशीन खोटं आहे."

"पट्टी खोटी आहे," कॉर्बिन म्हणाला. "मशीन खरं असू शकतं. तुला ते खोटंच हवंय."

टेकलाचे कान तापले. "आणि तुला खरंच हवंय."

"हो, हवंय," कॉर्बिन म्हणाला. "तुमच्याकडे बुशा आहे. आमच्याकडे खोकी आहेत."

टेकला त्याच्याकडे बघत राहिली. चौदा मशीनं असलेल्या माणसाला कशाचा हेवा वाटू शकतो, हे तिच्या हिशेबात कधी आलंच नव्हतं.

"भांडा तुम्ही. तिकडे चेरी-पाय कापायला घेतलाय," गस म्हणाला. "उघडायचं कसं?"

"आत बघितलं की कळेल," टेकला म्हणाली. "बुशा डावरी आहे. वायरींचा जुडगा मेणाच्या दोऱ्याने बांधतात ना, त्याच्या सगळ्या गाठी तिच्या हातून उलट पडतात. आमच्या टोमॅटोच्या रोपांनाही तशाच आहेत. मीही तशीच बांधते." तिने बूट पुढे केला. नाडीचा फास खरंच डावीकडे पडला होता.

"किल्ली हॉलिसच्या खिशात आहे," कॉर्बिन म्हणाला.

गसने आपल्या खिशातून एक नाणं काढलं, क्षणभर जड अंतःकरणाने त्याच्याकडे पाहिलं आणि मशीनच्या फटीत सोडलं. मशीनची विजेची पिनच लावलेली नव्हती. नाणं आत कुठेतरी खट्ट करून अडकलं.

मग तो अंगणात गेला आणि त्याने भोकाड पसरलं.

"माझं नाणं खाल्लं! मला जाजांचं मशीन खेळायचं होतं!"

"अरे, देतो की मी तुला दुसरं," लेन काका म्हणाले.

"मला तेच पाहिजे! ते माझं लकी होतं!"

गस रडतो तेव्हा बर्विनची कुत्री रडायला लागतात. नेपरव्हिलची कुत्री जरा शिस्तीची असावीत, पण दोन अंगणं सोडून एक भुंकलंच. मिस्टर हॉलिसच्या एका हातात सॉसेज, दुसऱ्या हातात बटाट्याचं सॅलड. त्याने कसाबसा कोपराने खिसा दाखवला. "घे बाबा, काढ किल्ली. नाणं काढ आणि लगेच परत आणून दे."

"दार घट्ट असलं तर वेळ लागेल हं," गस हुंदका देत म्हणाला.

गॅरेजमध्ये कॉर्बिनचे हात भराभर चालू लागले. दार उघडलं, आत हात घालून खटका ओढला, पुढची लोखंडी पट्टी उचलली, काच सरकवून भिंतीला टेकवली, गोळ्या काढून टेकलाच्या ओंजळीत दिल्या. कुठे काय आहे हे त्याला न बघता माहीत होतं. टेकलाला पुन्हा खरवडलं, सवयीने. मग त्याने खेळाची सगळी फळी डब्याच्या झाकणासारखी वर उचलली आणि दांडी लावून टेकवली.

खाली वायरींचं रान. लाल, पिवळ्या, पांढऱ्या, कापडी वेष्टणातल्या, नि सगळ्या मिळून जाड जुडग्यात बांधलेल्या. मेणाचा दोरा बोटाबोटाच्या अंतरावर गाठ घेत गेलेला. टेकलाने वाकून एकेक गाठ पाहिली.

उजवी. उजवी. उजवी. शेवटपर्यंत उजवी.

तिला आतून उडी मारावीशी वाटली. बुशा जाणार नव्हती. निळी बॅग परत जाणार होती. कॉर्बिनला हे नाही मिळणार, अख्ख्या जगातली ही एक गोष्ट त्याला नाही मिळणार.

मग तिने कॉर्बिनकडे पाहिलं. तो टेकलाचा बूट बघत होता, मग गाठी, मग परत बूट. "हं," तो म्हणाला. "उजव्याच आहेत." आणि काचेवरचा डाग शर्टाने पुसायला लागला. काचेवर डाग नव्हताच.

उडी आतल्या आत विरून गेली.

"मी सांगते त्यांना," टेकला म्हणाली.

"नको. मी सांगतो," कॉर्बिन म्हणाला. "माझ्या बाबांचे पैसे आहेत."

*

मिस्टर हॉलिस धावत आला, पण वयाने आणि सॉसेजने त्याला जरा उशीर झाला. तोवर सगळे फळीभोवती जमले होते.

"गाठी?" तो हसला. "पन्नास वर्षांचं मशीन आहे, साहेब. मध्ये कुणीतरी वायरिंग बदललं असणार. पोरांचं काय ऐकता?"

लेन काकांनी बुशाकडे पाहिलं. बुशाने पर्समधून श्रवणयंत्र काढलं, कानात घातलं, चष्मा काढून ठेवला आणि डोळे मिटून जुडग्यावरून बोटं फिरवली.

"बदललेलं नाही," ती म्हणाली. "हे डोलोरेसचं काम आहे. माझ्या शेजारच्या बाकावर बसायची. गाठ मारून झाली की वरून असा एक चिमटा घ्यायची. फोरमन रागवायचा, दोरा वाया जातो म्हणून." तिने जुडग्यावर थोपटलं. "बरी होती बिचारी. पण हे तिचं मशीन आहे. माझं नाही."

"पट्टीवर शिकागो का लिहिलंय?" गसने विचारलं. डोळे अजून ओले होते, पण आवाज स्वच्छ होता.

मिस्टर हॉलिसला शिकागो आणि सिसेरोमधला फरक ओहायोत कुणी सांगितला नव्हता. पट्टी आपल्याला अशीच मिळाली, आपणही फसलो, असं काहीबाही तो बोलत राहिला. लेन काकांनी फळी खाली केली आणि ट्रककडे बोट दाखवलं. ओहायोचा ट्रक वळणावरून दिसेनासा झाला तेव्हा कुठे गसला आठवलं की आपलं नाणं त्याच्यासोबतच गेलं.

काकांनी त्याला त्या नाण्याच्या बदल्यात पन्नास डॉलरची नोट दिली. "मी पंधरा वर्षं मशीनं घेतोय," ते म्हणाले, "आणि आज आत डोकावलोसुद्धा नाही. तुम्ही डोकावलात. तिघांनी मिळून माझी लाज राखलीत. शाबास रे."

"किल्ली मागायची युक्ती कुणाची?" बाबांनी विचारलं.

"माझी," गस म्हणाला. "नाणंही माझंच."

चेरी-पाय वाढला गेला. बुशाने पहिला घास खाल्ला आणि ती बाबांना म्हणाली, "माझा शब्द माझ्या लेक क्वीनचा होता. डोलोरेसचा नाही. वॉल्ट, बॅग डिकीतच राहू दे."

टेकलाने आपली बशी बाजूला सारली. सगळे तिच्याकडे कौतुकाने बघत होते.

"मी काकांचे पैसे वाचवायला नव्हते गेले," ती म्हणाली. "मशीन खोटं निघावं असं मला वाटत होतं. कॉर्बिनकडे सगळं आहे, आणि आता बुशापण जाणार म्हणून. मला त्याचा हेवा वाटतो. पहिल्यापासून."

कॉर्बिनच्या आईने, पॅटी काकूने, चमचा हळूच खाली ठेवला.

"मी हे आधी सांगितलं असतं तर तू मशीन उघडून दिलं असतंस का?" टेकलाने कॉर्बिनला विचारलं.

"मला माहीत होतं की," कॉर्बिन म्हणाला. "सायकल घेताना तुझं तोंड बघितलं होतं मी."

"आमच्याकडे ये पुढच्या आठवड्यात," ती म्हणाली. "बुशा गाठी शिकवेल. सोफ्यावर झोपावं लागेल. आणि ती घोरते."

"मी नाही घोरत," बुशा म्हणाली.

लेन काका हसले, मग खुर्चीत मागे टेकले. "म्हणजे खरं अजून आहे कुठेतरी," ते म्हणाले. "कुणाच्या तरी तळघरात. भाव काय, अजून चढतील. चढू देत. पंधरा हजार पडले तरी मी शोधणार, मा. पप्पांचं मशीन आहे ते."

बाबा उठले. "शेगडीतले निखारे बघून येतो," ते म्हणाले.

"निखारे केव्हाच विझलेत, वॉल्ट," बुशा म्हणाली. तिचे डोळे बशीतच होते.

बाबा खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहिले. त्यांनी शेगडीकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं, आणि मग टेकलाकडे. तिच्याकडे ते जरा जास्त वेळ बघत राहिले.

"शोधू नकोस, लेन," ते म्हणाले. "ते कुठेच नाही. बार बंद झाला त्या आठवड्यात मागच्या अंगणात मी ते करवतीने कापलं."

बुशाने फक्त मान हलवली. हे वाक्य आज ना उद्या येणार, हे तिला तेहतीस वर्षं ठाऊक असावं.

"रोज फरशी मी पुसायचो," बाबा म्हणाले. "पप्पांना उचलून खाटेवर मी ठेवायचो. तू कॉलेजात होतास. आणि एके दिवशी ते म्हणाले, मशीन लेनला द्या, त्याचं घर मोठं होईल." त्यांनी खुर्ची घट्ट धरली. "मला तुझा हेवा वाटायचा, लेन. अजूनही वाटतो."