गुरुवारचे श्रोते

दोन हजार तीन साल. दिवाळी नुकतीच सरली होती. रत्नागिरीत झाडगावच्या आपल्या घरात कमलाअक्का पडवीत बसून तांदूळ निवडत होत्या आणि शेजारी ठेवलेला रेडिओ ऐकत होत्या. ऐकता ऐकता त्यांचा हात सुपातच थांबला...

"राजापूरहून सावित्रीताई लिहितात," रेडिओतून देवदत्तचा आवाज येत होता, "की धाकट्या भावाचा संसार सुखाचा व्हावा म्हणून त्यांनी त्याला मुद्दाम कठोर बोलून वेगळं व्हायला लावलं. आता तो फारसा येत नाही. खरं काय ते त्याला सांगावं का, असं त्या विचारतात."

अक्कांनी रेडिओ जवळ ओढला.

"सावित्रीताई, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. आपण त्याग केला असं तुम्हाला वाटतं. पण भावाला तुम्ही विचारलं होतंत का? त्याच्या आयुष्याचा निर्णय तुम्ही घेतलात, त्याचा अपमान तुम्ही केलात, आणि आता त्यानं आपणहून येऊन तुमचं मन ओळखावं ही अपेक्षाही तुमचीच! याला त्याग म्हणत नाहीत, अहंकार म्हणतात. आता खरं सांगून त्याची बसलेली घडी विस्कटू नका. भावाला मोकळं सोडा. स्वतःसाठी जगायला शिका."

सूप मांडीवरून घसरलं आणि तांदूळ पडवीभर पसरले. अक्कांनी पदर तोंडाशी धरला, पण हुंदका काही आवरला नाही. मग रेडिओकडे बघून त्या एवढंच म्हणाल्या, "बरं हो, बाळ..."

कारण राजापूरला सावित्री नावाची कुणी बाई नव्हतीच! ते पत्र अक्कांचं होतं. आणि रेडिओतून बोलणारा देवदत्त हा त्यांचा पाठचा, तेरा वर्षांनी लहान, एकुलता एक भाऊ.

आई गेली तेव्हा देवदत्त चार वर्षांचा होता आणि अप्पा गेले तेव्हा दहाचा. अक्का त्या वेळी तेवीस वर्षांच्या, प्राथमिक शाळेत शिक्षिका. देवरूखच्या एका मास्तरांचं स्थळ जवळपास ठरलं होतं; पण मुलाकडच्यांनी 'भावाला मामाकडे ठेवा' म्हणताच अक्कांनी नारळ परत पाठवला. पुढं देवदत्त पुण्याला जाऊन मानसशास्त्र शिकला, रत्नागिरीच्याच कॉलेजात प्राध्यापक झाला, तिथंच शिकवणारी भार्गवी सून म्हणून घरात आली, वेदचा जन्म झाला. भरल्या घराकडे पाहून अक्कांना वाटे, देवानं आपलं सगळं परत दिलं!

...आणि मग एके दुपारी, वेद तीन वर्षांचा असताना, माजघरातून भार्गवीचं फोनवरचं बोलणं अक्कांच्या कानांवर पडलं. ती आईला सांगत होती, "पाच वर्षं झाली गं, पण या घरात मी अजून पाहुणीच आहे."

अक्कांनी ते वाक्य कुणाला बोलून दाखवलं नाही. आठ दिवस त्यांनी ते मनातल्या मनात घोळवलं. देवदत्त आपणहून आपल्याला सोडून कधी जायचा नाही, आणि भार्गवी बिचारी बोलायची नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून नवव्या दिवशी, वेदनं सांडलेल्या दुधाचं निमित्त करून, जन्मात कधी चढवला नव्हता एवढा आवाज चढवून त्या म्हणाल्या, "पुरे झालं आता! सबंध जन्म तुमचं करण्यात गेला माझा. मला माझं घर मोकळं हवंय!"

देवदत्त पांढराफटक पडला. महिन्याच्या आत मारुती मंदिरापाशी भाड्याची जागा मिळाली. सामानाचा टेम्पो वळणाआड गेला तेव्हा अक्का गडग्याला टेकून उभ्या होत्या. जांभ्या दगडाची ती खरबरीत भिंत हाताला बोचत होती, तरी कितीतरी वेळ त्यांना ती सोडवेना.

त्यानंतर मंडळी येत ती गणपतीला आणि दिवाळीला. खुर्चीत बसत, लाडूचा तुकडा मोडत, "तब्येत बरी आहे ना?" विचारत आणि घड्याळाकडे बघत. एकाच गावात, दोन मैलांवर, पाहुण्यांसारखी...

पुढच्या वर्षी देवदत्तचा कार्यक्रम रेडिओवर सुरू झाला. 'मन सावरताना', दर गुरुवारी सकाळी, थेट. खचलेल्या माणसानं उभं कसं राहावं, स्वतःवरचा विश्वास डळमळला तर काय करावं, असं तो फार मायेनं सांगे. पण चौथ्या गुरुवारी तो जरा ओशाळून म्हणाला, "अजून एकही पत्र आलेलं नाही. कुणी ऐकत असेल, तर दोन ओळी जरूर लिहा."

'कुणी ऐकत असेल तर'! अक्कांनी त्याच दिवशी अक्षर वेडंवाकडं करून एक कार्ड लिहिलं आणि खाली सही केली, 'रावजी, देवरूख'. गाव खोटं वाटू नये म्हणून कार्ड तिथूनच टाकायला हवं होतं. शेजारचा शिवा एस.टी.त कंडक्टर. त्याच्या हाती त्यांनी ते दिलं.

"काय अक्का, रत्नागिरीतले पोस्टाचे डबे गंजले काय?" शिवा हसला.

"तुला काय करायचंय मेल्या? टाक म्हटलं की टाकायचं."

पुढच्या गुरुवारी देवदत्तनं रावजींचं पत्र वाचलं. काय त्याचा आवाज खुलला होता!

तेव्हापासून अक्कांना चटकच लागली. कधी चिमा, कधी मालन, कधी राजापूरची सावित्री. नावं वेगळी, गावं वेगळी, दुःखं मात्र सगळी अक्कांचीच. 'घरात बोलायला माणूस नाही, दुपार सरत नाही, काय करू?' 'आरशात पाहिलं की वाटतं, आपण कुणाच्याच उपयोगाचे उरलो नाही...' आणि देवदत्त एकेकाला धीर देई. "चिमाताई, तुम्ही उपयोगाच्या आहात की नाही हे तुमच्या कामावरून ठरत नाही," असं तो म्हणे, आणि अक्का पडवीत एकट्या बसून मान डोलावत. समोर बसून जे बोलता येत नव्हतं, ते असं बोलणं होई. साडेतीन वर्षं! शिवा दर वेळी विचारी, "आज कुठली गाडी अक्का, देवरूख का राजापूर? सोयरे बरेच पसरलेत तुमचे!"

आणि शेवटी धीर करून त्यांनी मनातलं खरं लिहिलं होतं, सावित्रीच्या नावानं. त्याचं उत्तर आज आलं होतं. अहंकार!

अक्कांनी तांदूळ एकेक करून गोळा केले. त्या दिवसापासून कार्ड लिहिणं बंद झालं. शिवानं दोनदा हटकलं, "काय, सोयरे रुसले का?" तेव्हा त्या नुसत्या हसल्या. गुरुवारी रेडिओ मात्र लावत. गावोगावचे श्रोते एकाएकी गप्प झाले होते. "या आठवड्यातही पत्र नाही..." देवदत्त म्हणे, आणि त्याचा आवाज आठवड्यागणिक बारीक होत चालला. अक्कांना ते कळे. पण कुठल्या तोंडानं लिहायचं? त्यानंच तर सांगितलं होतं, मोकळं सोडा म्हणून!

सहाव्या गुरुवारी विषय होता आत्मविश्वास.

"अपयश आलं तरी प... प..." देवदत्त अडखळला. "पुन्हा प... प... प..."

पुढचा शब्द येईना. क्षणभर भयाण शांतता... मग घाईघाईनं कुठलंसं गाणं लागलं.

अक्का ताडकन उठून उभ्या राहिल्या. अप्पा गेले त्या वर्षी देवदत्तची जीभ अशीच अडायला लागली होती. पोरं चिडवत, मास्तर हात टेकत. तेव्हा रोज शाळेतून आल्यावर अक्का त्याला परसातल्या गडग्यावर बसवून वर्तमानपत्र वाचायला लावत आणि दगडावर तळहातानं ठेका धरत. एका अक्षराला एक ठेका. अडला की ठेका थांबे, तो सावरला की पुन्हा सुरू. 'घाई नाही बाळ, मी आहे बसलेली.' दोन वर्षं! देवरूखचं स्थळ मोडलं ते त्याच दिवसांत. हे पोर मामाकडे गेलं असतं तर मुकंच राहिलं असतं.

"घाई नाही, बाळ... घाई नाही..." गाण्यात बुडालेल्या रेडिओसमोर अक्का तळहातानं ठेका धरत राहिल्या. पण तिकडे ते कुणाला ऐकू जाणार!

शिवाची गाडी केव्हाच सुटली होती. थांबायला वेळही नव्हता. अक्का कार्ड घेऊन बसल्या. 'भाऊ, माझ्या पोराची जीभ अशीच अडायची. मी दगडावर ठेका द्यायची, एका अक्षराला एक. तुम्ही टेबलावर बोट वाजवा. कुणी ऐकत नाही असं मनात आणू नका. मी ऐकते. गंगा, मिरकरवाडा.' मिरकरवाडा म्हणजे गावातलंच मासळीचं बंदर. कार्ड इथूनच टाकलं तरी चालणार होतं. भर उन्हात चालत जाऊन त्यांनी ते मोठ्या पोस्टात टाकलं.

रविवारी सकाळी फाटक वाजलं. देवदत्त एकटाच पायऱ्या चढून आला. ना गणपती, ना दिवाळी... अक्का गोंधळल्या.

"बस हो. चहा टाकते."

"चहा राहू दे. अक्का, मिरकरवाड्यात गंगा कोण राहते?"

"मला काय ठाऊक? केवढा मोठा तो मिरकरवाडा!"

"काल सबंध दुपार तिकडे हिंडलो. तीन गंगा सापडल्या. एक म्हणाली, बांगडे घेणार असलात तर बोला, नायतर वाट सोडा. रेडिओ तिघींच्याही घरी नाही."

अक्का चुलीकडे वळल्या. देवदत्तनं पिशवीतून कार्डांचा एक गठ्ठा काढून पाटावर ठेवला.

"रेडिओ केंद्रातल्या बाई मला पत्रांतला नुसता मजकूर उतरवून द्यायच्या. परवा त्या रजेवर होत्या म्हणून कार्डच माझ्या हातात आलं. मग मी जुनी सगळी मागून घेतली. अक्षर छान मोडलंयस, अक्का. पण प्रत्येकाच्या वर काय लिहिलंयस ते बघ."

अक्कांनी कार्डं एकेक करून पाहिली. रावजी, चिमा, मालन, सावित्री, गंगा... प्रत्येक कार्डाच्या माथ्यावर, बारीक अक्षरांत, 'श्री लक्ष्मीकेशव प्रसन्न'! या घराचं कुलदैवत. अप्पांच्या वेळेपासून या घरात वाण्याची यादीसुद्धा त्या ओळीशिवाय कागदावर उतरली नव्हती. हात आपसूक लिहून गेला होता. साडेतीन वर्षं!

"मिरकरवाड्याची मासेवाली आणि देवरूखचा रावजी," देवदत्त म्हणाला, "सगळ्यांचं कुलदैवत एकच कसं गं, अक्का?"

"तू म्हणालास ना, कुणी ऐकत असेल तर..." अक्का कशाबशा म्हणाल्या. "मला राहवलं नाही रे."

"आणि मी तुला अहंकारी म्हणालो! भर रेडिओवर! मला ठाऊक आहे मी तसं का बोललो. मला घराबाहेर काढलंस म्हणून तुझ्यावरचा राग मनात होता. तो त्या सावित्रीवर काढला. मन सावरायला सांगतो जगाला, आणि..." तो लहान मुलासारखा स्फुंदू लागला.

"खोटं नाही बोललास तू," त्याच्या केसांतून हात फिरवत अक्का म्हणाल्या. "तुला विचारलं नव्हतंच मी. विचारायला हवं होतं."

"आणि मला?"

मागाहून आलेली भार्गवी दारात उभी होती. वेदचा हात तिच्या हातात होता आणि तिचे डोळे रडून सुजले होते. ती रात्रभर कार्डं वाचत बसली होती.

"फोनवरचं माझं बोलणं ऐकलंत ना तुम्ही? पाहुणी आहे म्हणाले ते? अक्का, मला जायचं नव्हतं हो! या घरात मला भाजीला हात लावू द्यायचा नाहीत तुम्ही, पाणीसुद्धा भरू द्यायचा नाहीत, दमशील म्हणायचात. मला वाटे, एकदा तरी यांनी म्हणावं, हे घर तुझंय, कर तुला हवं तसं... तुम्ही काढूनच टाकलंत मला!"

पाच वर्षं अक्कांनी भावजयीला फुलासारखं जपलं होतं, आणि त्या जपण्यानंच ती परकी झाली होती! हे त्यांच्या कधी मनातही आलं नव्हतं.

"अगो," त्या म्हणाल्या, "चुलीवर आधण आहे. डाळ कुठं आहे ते तुला ठाऊक आहे. कर तुला हवं तसं."

भार्गवी आत गेली. तिनं त्या दिवशी आमटीत तिखट जरा जास्तच घातलं, आणि वेद, "आत्या, तू तिखट लागलं म्हणून रडत्येस?" असं विचारत राहिला.

भाड्याची जागा त्या मार्चमध्ये सोडली. कार्यक्रम आणखी वर्षभर चालला आणि नेमल्याप्रमाणे संपला. देवदत्त बोटानं टेबलावर हलकेच ठेका धरून बोले. अक्कांनी एकदा हळूच विचारलं, "माझी सोडून आलीच नाहीत का रे पत्रं?" "आली ना, अकरा," तो म्हणाला. अक्कांना त्या अकरांचा फार अभिमान वाटला. शिवाची बदली खेडला झाली, जाताना त्याला सगळा उलगडा झाला तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे मी रेडिओवर काम करत होतो म्हणा की!" भार्गवी पुढं कॉलेजात विभागप्रमुख झाली, स्वयंपाकघरात मात्र शेवटपर्यंत दोघींची कुरबूर चाले आणि दोघींनाही ती हवीशी वाटे. वेद कितीतरी वर्षांनी, अक्कांच्या माघारी, इंजिनीयर होऊन बंगळुरूला गेला.

अक्का दोन हजार आठच्या माघात गेल्या. त्याआधी तीन महिने अर्धांगवायूनं त्यांची वाचा गेली होती. देवदत्तनं कॉलेजातून रजा घेतली. रोज सकाळी तो त्यांच्या उशाशी बसे आणि बोलत राही. आंब्याला मोहोर कसा आलाय, वेदला गणितात किती पडले, शेजारच्यांची गाय व्याली... त्यात मन सावरण्याचं काही नसे, उपदेश नसे. अक्का टक लावून त्याच्या ओठांकडे बघत. तो मध्येच गप्प झाला, की त्यांचा बरा असलेला हात चादरीवर हले, आणि तो पुन्हा बोलायला लागे.