नावाचा रकाना

माझं नाव मार्यून. आमच्या घराण्यात सात पिढ्यांत हे नाव दुसऱ्या कुणाचंच नाही, हे मी शपथेवर सांगते. चाळीस वर्षं आमच्या बेटांच्या राजधानीत, तोर्शाव्हनच्या दफ्तरखान्यात, मी जन्ममृत्यूची पुस्तकं चाळली आहेत. आमच्याकडे पोराला नाव ठेवतात ते गेलेल्या माणसाचं. मग मला कुणाचं ठेवलं? आई म्हणायची, "तुझ्या आजीनं हट्टच धरला. का म्हणून विचारलं, की तोंड फिरवून लोकर पिंजत बसायची."

पण त्या ऑगस्टमध्ये मी हेल्लुवीकला, आईच्या जन्मगावी, गेले ती आईसाठी. आई एकोणनव्वद वर्षांची, वृद्धाश्रमात अंथरुणाला खिळलेली. तिला एक जुळी बहीण होती. दोघी एकाच पाळण्यात निजायच्या. बहीण अकराव्या दिवशी गेली. आईचं रोजचं एकच पालुपद: "मी तिकडे गेले की तिला हाक काय म्हणून मारू गं?"

कारण ते नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. तेव्हा पाद्री होडीनं यायचा, आणि समुद्र खवळला की सहा-सहा आठवडे यायचाच नाही. पाद्री नसेल त्या रविवारी गावातलाच एक शेतकरी चर्चमध्ये प्रवचन वाचून दाखवायचा. त्याला वाचक म्हणत. अशक्त बाळाचा बाप्तिस्माही तोच घाईघाईनं घरी उरकायचा आणि नाव पाद्र्याला कळवायचा. आजोबा मासेमारीला आइसलंडच्या पाण्यात, आजी तापानं बेशुद्ध. वाचकानं बाळाचा बाप्तिस्मा केला, नाव कळवायला होडीत बसला, तो परत आलाच नाही. पाद्र्याच्या पुस्तकात नावाचा रकाना कोरा राहिला.

मात्र त्या पुस्तकाच्या प्रती दोन असत. आग लागली तर दोन्ही जाऊ नयेत म्हणून त्या एका छपराखाली रात्रभर ठेवायच्या नाहीत, असा दंडक होता. वाचकाची प्रत हेल्लुवीकच्या चर्चमधून कधी हललीच नव्हती.

किल्ली होती हानुसकडे. गावात आता चारच माणसं उरली आहेत, त्यांतला हा एक.

"एवढ्याशा नावासाठी डोंगर उतरून आलीस?" त्यानं सुक्या मटणाचा काप पुढे केला. "खा. शहरात राहून नुसती काडी झाली आहेस."

"आधी किल्ली दे."

"देतो गं बाई. पुस्तक काय पळून जातंय? धुकं आलं तर मात्र आतच बस. कड्यावरून खाली गेलीस, तर तुझी नोंद कोण करणार?"

भर दुपार होती. चर्चमध्ये डांबराचा आणि ओलसर लाकडाचा वास होता. छताला टांगलेलं छोटं लाकडी जहाज स्थिर होतं. पेटीतून पुस्तक काढलं, पान सापडलं. जुळ्या मुली. पहिली आर्मगार, म्हणजे माझी आई. दुसरीपुढे 'घरी बाप्तिस्मा', आणि नावाचा रकाना... कोरा.

मी मटकन बाकावर बसले. आता आईला काय सांगू? पासष्टाव्या वर्षी मी त्या रिकाम्या चर्चमध्ये लहान पोरीसारखी रडले.

डोळे पुसले तेव्हा खिडक्या पांढऱ्या झाल्या होत्या. धुकं काचांना टेकलं होतं. टिटवीसारखा ओरडणारा एक पक्षी बाहेर होता, तोही गप्प झाला. मग वरचं जहाज हळूहळू वळायला लागलं. वारा नव्हता. दार बंद होतं.

मागून पावलं आली. ओले बूट, प्रत्येक पावलाला पाण्याचा पचपच आवाज. समुद्राचा खारट वास आला, आणि पाठोपाठ दुधाचा. मला मान वळवता येईना. ती पावलं माझ्या बाजूनं पुढे गेली. दिसलं कुणीच नाही, फक्त फळ्यांवर पाणी उमटत गेलं.

आणि माझ्या हातांत कुणीतरी काहीतरी ठेवलं. काही नव्हतं तिथं, पण वजन होतं. इवलंसं, ऊबदार. ते हुंदके देत होतं.

"नाव...?" समोरून पुरुषाचा थकलेला आवाज आला.

मी ते वजन छातीशी धरलं.

"नाव सांग, बाई... मला विसर पडलाय..."

दफ्तरखान्याच्या दारात नाव विचारलं की रोज सांगायचे, तसं भीतीनं तोंडून निघून गेलं, "मार्यून."

तीनदा पाणी शिंपडल्याचा आवाज झाला. हुंदके थांबले. हात हलके झाले. खरं सांगते, भीती वाटली त्यापेक्षा हात रिकामे झाले याचं दुःख मला जास्त झालं. मी कितीतरी वेळ ते तसेच धरून बसले होते.

मग पुस्तकाकडे पाहिलं. दुसऱ्या मुलीच्या रकान्यात 'मार्यून' लिहिलं होतं. शाई तपकिरी, जुनी, अक्षर पानावरच्या इतर नोंदींचंच. चाळीस वर्षं शाया पाहिल्यात मी. ती नव्वद वर्षांची शाई होती.

हानुस धुक्यात कुंपणापाशी उभा होता. "फोनवर काय लावलं होतंस गं? तान्ह्या बाळाचं रडणं ऐकू येत होतं."

मी किल्ली त्याच्या हातात ठेवली आणि चालू लागले.

दुसऱ्या दिवशी दुपारी आईच्या उशाशी बसून तिला नाव सांगितलं. बाकी काही सांगितलं नाही.

"म्हणून तुझी आजी हट्टाला पेटली होती," ती म्हणाली. "तापात तिनं ते नाव ऐकलं असणार."

कुणाकडून, ते मी विचारलं नाही. मी उठून खिडकीपाशी गेले. मागून आईनं हाक मारली. असा लाडिक आवाज मी तिच्या तोंडून आयुष्यात ऐकला नव्हता.

"मार्यून!"

"आले, आई."

"तुला नव्हे गं."

आणि ती भिंतीकडे सरकली, जागा करून दिली. तिच्या शेजारची गादी हळूच खाली दबली.