तळ्याकाठचा रविवार

“एकही चित्र या घरात राहता कामा नये, ताई! एकही नाही!”

खुर्चीवर चढून भाऊ भिंतीवरच्या चौकटी ओरबाडून काढत होता, आणि खाली उभी असलेली त्याची थोरली बहीण प्रत्येक चौकट दोन्ही हातांनी झेलून, जणू घराची सफाईच चालली आहे अशा शांतपणे, पलंगावर रचून ठेवत होती. धुक्यातलं बसस्थानक, टेकडीवरची बंद पडलेली पाणचक्की, बाजारातल्या तराजूत झोपलेलं मांजर... वीस वर्षांचे रविवार होते ते! आतल्या खोलीत त्याची आठ वर्षांची मुलगी टिल्ली मांडीपासून घोट्यापर्यंत प्लास्टर घालून पडली होती, आणि तिच्या दाराशी वहिनी भिंतीला टेकून उभी होती. वहिनीचे ओठ विलग झाले... तोच ताईने हळूच मान हलवून तिला ‘नाही’ म्हटलं.

भाऊ खाली उतरला. त्याचे डोळे रडून सुजले होते.

“आईबाबा गेले तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. तू लग्न केलं नाहीस, मला वाढवलंस. ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. पण तुझ्या रंगांपायी माझी पोर जन्माची अधू झाली गं! तुझं तोंड पाहिलं की तिच्या किंकाळ्या आठवतात मला. तू जा, ताई. हात जोडतो तुला... जा!”

ताईने त्याचे जोडलेले हात आपल्या हातांनी खाली केले. “जाते, बाळ्या,” ती म्हणाली. “तू जेवून घे. कालपासून पोटात अन्न नाही तुझ्या.”

खरं काय घडलं होतं, ते या घरात फक्त दोन बायकांना ठाऊक होतं.

ताई दातांच्या लॅबमध्ये कामाला होती. कुणाच्या कवळीचा दात किती पिवळट हवा, कुणाचा किती निळसर, हे तिच्याइतकं अचूक कुणालाच जमत नसे. “या शहरातले निम्मे म्हातारे माझ्या दातांनी हसतात,” असं ती मिस्कीलपणे म्हणे. आठवडाभर पांढऱ्या रंगाच्या अठरा छटा पाहून शिणलेले तिचे डोळे रविवारची वाट पाहत. त्या दिवशी हौशी चित्रकारांचं एक मंडळ निघे. एक निवृत्त पोस्टमास्तर, दोन शिक्षिका, एक बेकरीवाला... बेकरीवाल्याचे ढग पावासारखे फुगतात म्हणून सगळे त्याची टर उडवत! सुट्ट्या लागल्या की मंडळ चार-चार दिवस डोंगरात जाऊन राही. टिल्ली पाच वर्षांची झाल्यापासून ताईच्या बोटाला धरून तीही जाऊ लागली, आणि ताईने तिच्यासाठी एक वही सुरू केली: प्रत्येक सहलीचं एक चित्र, आणि प्रत्येक चित्रात कुठेतरी लपलेली लाल टोपीतली टिल्ली. वही हातात पडली की पोर आधी स्वतःला शोधून काढी आणि “सापडले!” म्हणून घर डोक्यावर घेई.

त्या रविवारी तळ्यावर जायचं ठरलं, तेव्हा वहिनीही सोबत निघाली. तिला पाचवा महिना होता. त्याआधीची दोन बाळं पोटातच गेलेली, त्यामुळे भाऊ तिला तळहातावरच्या फोडासारखं जपत होता. टिल्ली पुढे पळाली होती; झाडाखाली चटई टाकून वहिनी म्हणाली, “ताई, तुम्ही निवांत चित्र काढा. टिल्लीकडे मी बघते.” ताई पाठमोरी बसून तळ्याच्या पाण्यावरचं ऊन रंगवू लागली. वाऱ्याची गार झुळूक आली, आणि थकलेल्या वहिनीचा डोळा लागला... बस्स, एवढंच! टिल्ली मागच्या, होड्या ठेवायच्या छपरीवर चढली आणि खालच्या दगडी पायऱ्यांवर कोसळली.

इस्पितळात डॉक्टरांनी एका दमात दोन गोष्टी सांगितल्या. मुलीच्या मांडीचं हाड वाढीच्या जागी मोडलं होतं, तो पाय आखूड राहणार होता. आणि वहिनीचा रक्तदाब इतका चढला होता, की तिला आता तिळभर धक्का बसता कामा नये. त्याच क्षणी भाऊ धावत आला. पिसाटासारखा ओरडला, “कुणाचं लक्ष होतं तिच्याकडे? कुणाचं?”

वहिनीने दोन्ही हात पोटावर घट्ट धरले होते. ते हात ताईने पाहिले...

“माझं,” ताई म्हणाली. “मी चित्रात गुंग होते.”

त्यात अर्धं खरं होतं, आणि ते अर्धंच तिला पुढे जन्मभर टोचत राहिलं. अर्ध्या तासात तिने एकदाही मान वळवून पाहिलं नव्हतं!

लॅबच्या मागच्या गल्लीत तिने एक खोली घेतली. सहा महिन्यांनी वहिनी तान्ह्या मुलाला घेऊन तिथे आली आणि उंबऱ्यातच रडत बसली.

“आज सांगते मी यांना. मला घास गिळवत नाही, ताई!”

“वेडी आहेस? अंगावर पितंय अजून पोर. तुझं दूध आटलं तर? आणि तो कसा आहे माहीत आहे ना? एकदा मन उडालं की उडालं. मी बहीण आहे, मला लांब ठेवून त्याचा संसार चालेल. तुला लांब ठेवलं, तर या दोन लेकरांनी कुणाकडे बघायचं?”

“पण तुमचं काय?”

“माझं काय! माझे दात आहेत की,” असं म्हणून ताई हसली, आणि तिने बाळाच्या मुठीत आपलं बोट दिलं.

वहिनी पुन्हा आली नाही. जिच्यापुढे मान वर करता येत नाही, तिच्या दारात कितीदा जावं माणसानं? ताईला ते कळत होतं, आणि तरीही काही रविवारी तिच्या मनात विखार दाटून येई. तशी एकदा ती तरातरा चालत भावाच्या घराच्या कोपऱ्यापर्यंत गेलीही होती, सगळं ओरडून सांगायला! टिल्ली शाळेच्या बसमधून उतरत होती. आधी चांगला पाय, मग दुसरा, मग दांड्याला धरून एक छोटीशी उडी... आणि दारात उभ्या असलेल्या आईच्या कुशीत ती शिरली. ताई तिथूनच मागे फिरली.

टिल्लीच्या दहाव्या वाढदिवसाला ताईने ती वही टपालाने पाठवली. आठ दिवसांत ती परत आली. मधोमध फाडलेली! वरच्या कागदावर मुलीच्याच अक्षरात लिहिलं होतं, ‘मला तुझं काही नको.’ ताईने त्या दिवशी एकवीस कवळ्या पूर्ण केल्या, आणि घरी येऊन ब्रश एका डब्यात घालून डबा माळ्यावर टाकला.

वर्षं गेली. ताई बावन्न वर्षांची झाली, त्या वर्षी लॅबमध्ये तिची एक कवळी परत आली. दातांचा रंग चुकला होता. मग दुसरी परत आली. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, “पडद्याचा मधला भाग झिजलाय, बाई. समोरचं धड दिसणार नाही, कडेकडेचं दिसत राहील. गेलेलं परत येत नाही.” ज्याच्याकडे थेट बघावं, तिथे एक करडा डाग बसू लागला. मालकाने तिला रंगांवरून काढून साच्यांत प्लास्टर ओतायला बसवलं. तिने कुणाजवळ तक्रार केली नाही... करायला होतंच कोण?

आणि एका शनिवारी, लॅब बंद व्हायच्या सुमाराला, तिच्या टेबलासमोर कुणीतरी येऊन उभं राहिलं. डागाच्या कडेने तिला फक्त ओघळलेले खांदे दिसले, पण ते कुणाचे हे तिला सांगावं लागलं नाही.

“बाळ्या?”

तो गुडघ्यांवर कोसळला. प्लास्टरने माखलेल्या तिच्या हातांत तोंड खुपसून तो लहानपणी रडायचा तसा हमसून हमसून रडू लागला.

“टिल्ली काल चिडून म्हणाली, ‘आत्या मेली तरी मी जाणार नाही.’ आणि हिच्या हातातलं ताट गळून पडलं गं! सगळं सांगितलं हिने. तिच्यासमोर, माझ्यासमोर... नऊ वर्षं, ताई! नऊ वर्षं मी तुला... तू एकदाही का नाही बोललीस? मार मला! काहीतरी बोल!”

“तू वहिनीला काही बोलला नाहीस ना?” ताईने घाबरून विचारलं.

“नाही. काय बोलणार होतो? रात्रभर आम्ही दोघं नुसते बसून होतो.”

“मग बरं.” तिने त्याचा दंड धरला. “ऊठ आता. गुडघे पांढरे झाले तुझे.”

डोळ्यांचं तिने त्याला सांगितलं नाही. आधीच एवढा भार घेऊन आलेला हा, त्याला आणखी काय द्यायचं?

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं आले. जिन्यावर आधी दोन माणसांची पावलं वाजली आणि मग तिसरी, एक जड, एक हलकं. ताई खिडकीपाशी खुर्चीत बसली होती. वहिनीने तिच्या पायांवर डोकं ठेवलं आणि ते कितीतरी वेळ उचललंच नाही. ताई तिच्या केसांवरून हात फिरवत राहिली.

मग सतरा वर्षांची टिल्ली पुढे आली.

“आत्या, ती वही मीच फाडली होती. बाबांनी नाही सांगितलं. मीच...”

“ठाऊक आहे गं. अक्षर तुझंच होतं.”

“मला माफ नको करूस हवं तर. पण निदान एकदा माझ्याकडे बघ ना! मी आल्यापासून तू खिडकीकडेच बघतेयस!”

ताईने मान आणखी थोडी खिडकीकडे वळवली, आणि नजरेच्या कोपऱ्यात नऊ वर्षांनी ती उभी राहिली... उंच, सावळी, रडून लाल झालेल्या नाकाची, एका पायावर किंचित झुकलेली.

“तुझ्याकडेच बघतेय, बाळा,” ती म्हणाली. “समोर पाहिलं तर तिथे नुसता डाग दिसतो. असं बाजूला पाहिलं की दिसतेस तू.”

भावाने वहिनीकडे पाहिलं, वहिनीने डोळे मिटून घेतले.

टिल्लीने एकदा आत्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं, एकदा खिडकीकडे. मग लंगडत ती खुर्चीला वळसा घालून गेली, उजवीकडे दोन पावलं सरकली, थांबली, पुन्हा अर्धं पाऊल मागे आली.

“इथे?” तिने विचारलं. “इथे उभी राहिले तर नीट दिसते का गं मी?”

“थोडी अजून अलीकडे ये,” आत्या म्हणाली. “हां... आता राहा तशीच.”

आणि खिडकीबाहेर पाहत, डोळ्यांतलं पाणी न पुसता, ती कितीतरी वेळ आपल्या भाचीला बघत बसली.