अक्षरांच्या मापाची खिडकी

हरमॅटन वाऱ्याच्या धुळीने कुमासी शहराचं आकाश पिवळं पडलं होतं. रेडिओ केंद्राच्या बोळातून एक उंच तरुण घाईघाईने आला आणि थेट सेर्वावर आदळला. तिच्या हातातली गरम लापशी तिच्याच नव्याकोऱ्या झग्यावर!

"डोळे काय घरी ठेवून आलात?"

"माफ करा... तुम्ही दिसलाच नाहीत."

"एवढी धडधाकट बाई दिसली नाही? वा!"

त्याने ओशाळून रुमाल पुढे केला – तोही तिच्या हातापासून वीतभर बाजूला. सेर्वाला गंमत वाटली.

ती तिथे संगणकांची देखभाल करायला नुकतीच लागली होती. तो निमाको, ट्वी भाषेतल्या बातम्या लिहायचा. एका दुपारी तिने पाहिलं, तर नाक संगणकाच्या पडद्याला टेकेल इतका वाकून तो एका भल्यामोठ्या पांढऱ्या चौकटीत काहीतरी हुडकत होता.

"काय हरवलं?"

"बातमी," तो हसला. मग आवाज खाली आला. "कुणाला सांगू नका. काचबिंदू आहे. कडेचं सगळं गेलंय... नळीतून बघावं तसं दिसतं. कोऱ्या जागेत ओळी कुठे आहेत, तेच सापडत नाही. ही खिडकी मजकुराएवढीच नाही का होणार?"

"म्हणजे माप घेऊन शिवल्यासारखी?"

"हो ना. शिवाल?"

तिने शिवली. पहिल्या दिवशी खिडकी अक्षरागणिक फुगायची, आकसायची.

"अहो, ही बेडकासारखी श्वास घेतेय! मला गरगरतंय."

मग तिने ती शांत केली. ओळ भरली की खिडकी अलगद ओळभर वाढायची, पुसली की मिटायची. कायम पडद्याच्या मधोमध. निमाकोला शोधावं लागेना.

दुपारी त्याच्या पडद्यावर तिने लिहिलेली बोटभर खिडकी उघडलेली असायची – 'सोबोलो पिणार?' खाली तो लिहायचा – 'तू पाजणार असशील तर.' ते लाल, आंबटगोड सरबत पिताना तो म्हणायचा, "आज फारच तोकडं लिहिलंस."

"मी कमी बोलते."

"तू? देवा, हिला शिक्षा करू नकोस, हिला खोटं बोलायची सवय आहे!"

ती त्याच्या दंडावर चापट मारायची... आणि हात तिथेच राहायचा.

डोळ्यांत थेंब घालणं चालूच होतं. उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली आणि फसली. "आता एकच नळी उरली," तो म्हणाला. सेर्वाने त्याचा हात धरला.

मग शहरात पटकी पसरली. आरोग्य खात्याकडून लांबलचक सूचना आली. निमाकोने ती उघडली. खिडकी वाढत वाढत पडद्याच्या तळाला टेकली आणि थांबली. पुढे वाढायला जागाच नव्हती. शेवटची ओळ खाली दडून राहिली. खिडकी संपली म्हणजे मजकूर संपला, याची त्याला इतकी सवय झाली होती की त्याला शंकाही आली नाही; बातमी त्या ओळीविनाच रेडिओवर गेली. ती ओळ होती – बाजारामागच्या जुन्या विहिरीचं पाणी पिऊ नका.

त्या विहिरीजवळची एक बाळंतीण गेली. तिचा नवरा केंद्राच्या दारात येऊन उभा राहिला. तो ओरडला नाही. "आम्ही शेवटपर्यंत ऐकलं हो," एवढंच म्हणत राहिला. "विहिरीचं नाव कुणी घेतलंच नाही."

केंद्रप्रमुख अम्पोफोसाहेबांनी निमाकोला बोलावलं.

"मी नीट वाचलं नाही," तो म्हणाला. डोळ्यांबद्दल चकार शब्द नाही.

दाराशी सेर्वा ऐकत होती. बोलावं तर त्याचं गुपित फुटणार, गप्प बसावं तर तो निष्काळजी ठरणार. ती आत शिरली.

"साहेब, चूक माझी. खिडकीबाहेर मजकूर उरला तर खूण दाखवायची सोय मी केलीच नाही. आणि ह्याला... ह्याला ते कळणं शक्यच नव्हतं."

साहेब निमाकोकडे वळले. "किती दिसतं तुला?"

त्याने राजीनामा दिला.

"का सांगितलंस?" बोळात त्याने विचारलं.

"नाहीतर सगळे तुलाच निष्काळजी म्हणाले असते."

"ती बाई मेली, सेर्वा. मला काय बोलतात, याने काय होतंय?"

"मी दुरुस्त केलंय. आता खाली बाण दिसतो—"

"चांगलं केलंस." तो म्हणाला. "पण तू जवळ आलीस की ती बाईही येते. मला बहिणीकडे जाऊ दे. टेचिमानला."

तो निघाला, त्या सकाळी ती बसस्थानकावर गेली. तो पिशवी छातीशी धरून उभा होता.

"समोर ये. शेवटचं बघू दे... छे, इतकी जवळ नको. नुसतं नाक दिसतंय."

ती मागे सरली.

"आता डोळे. अजून मागे हो... अजून."

यामचे कंद विकणाऱ्या बायांच्या टोपल्या चुकवत, शिव्या खात ती मागे मागे गेली.

"थांब!" तो ओरडला. "आलीस... सगळी आलीस!"

मधून माणसं जात होती, हॉर्न वाजत होते. त्या गलक्यातून तो पुन्हा ओरडला, "सेर्वा, माझं प्रेम आहे तुझ्यावर!"

हमाल हसले. "ओ बाई, बोला की काहीतरी!"

"माझंही आहे!" तिने ओरडून सांगितलं. धावत जाऊन बिलगावंसं वाटलं... पण जवळ गेली तर ती पुन्हा तुकड्यातुकड्यानेच दिसणार होती. ती हलली नाही.

कंडक्टरने त्याला कोपराला धरून वर ओढलं. काचेमागे त्याचा चेहरा दिसला, मान इकडून तिकडे वळत होती. सेर्वाने दोन्ही हात उंच केले. त्याची नजर गर्दीवरून फिरली, तिच्यावरून सरकली... आणि तशीच पुढे गेली.

बस सुटली.